दगडाबरोबर आलेले

ऑस्ट्रियातलं ग्रात्स हे शहर समुद्रापासून बरंच आत, डोंगरांच्या पायथ्याशी आहे. तिथल्या विद्यापीठात 1883 साली फ्रान्झ आयल्हार्ड शुल्झे या प्राणिशास्त्रज्ञाला खाऱ्या पाण्याच्या टाकीत काचेला चिकटून सरकणारा एक फिकट ठिपका सापडला. आकार दोन-तीन मिलिमीटर. तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत, पुढची बाजू कुठली नि मागची कुठली याचाही पत्ता नाही. शुल्झे यांनी त्याला ट्रायकोप्लॅक्स अ‍ॅडहेरेन्स असं नाव दिलं. पुढे 1907 मध्ये दुसऱ्या एका तज्ज्ञाने हा वेगळा प्राणी नसून जेलीफिशच्या जातकुळीतली एक अळी आहे असं जाहीर केलं आणि प्राणिशास्त्राने त्यावर जवळजवळ साठ वर्षं विश्वास ठेवला. कार्ल ग्रेल यांनी 1971 मध्ये या ठिपक्यासाठी प्लॅकोझोआ नावाचा संपूर्ण संघ उभा केला, तेव्हा कुठे त्याला स्वतःचं घर मिळालं. आपण माणसं, मासे, साप आणि पक्षी सगळे मिळून एका संघात मावतो, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या ठिपक्याचा मान कळतो.

रायपूरला खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याने ही गोष्ट माहीत करून घ्यावी, कारण त्याची अवस्था शुल्झेंसारखीच आहे. रायपूरपासून सर्वांत जवळचा किनारा, तोही बंगालच्या उपसागराचा, सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या आसपास. टाकीतलं पाणी आरओचं, मीठ पाकिटातलं. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना आत पंचवीस-सव्वीस अंश राखायला चिलर अखंड चालतो. अशा टाकीत एका रात्री, दिवे मालवल्यावर, दगडाच्या भोकातून केसाळ असं काहीतरी वीतभर बाहेर येतं. मालवणात किंवा रत्नागिरीत असा जीव दिसला तर विचारायला शेजारी गाबीत किंवा खारवी असतो. जाळ्यात काय काय येतं हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असतं. भोसल्यांच्या काळापासून रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या मराठी घराला ती सोय नाही. मग मोबाइलवर फोटो काढायचा, कुणाला तरी पाठवायचा आणि ‘हे काय आहे?’ म्हणून विचारायचं.

या प्रश्नाची आजवर काय काय उत्तरं तयार झाली आहेत, त्यातली कुठली भरवशाची आणि कुठली नुसती घबराट, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगतो. प्रजातीचं नाव शोधण्यात लोक नको इतका जीव टाकतात. टाकी चालवणाऱ्याला एवढंच कळलं तरी भागतं की हा कुठल्या गटातला आहे, काय खातो, कसा वाढतो आणि आपल्याला चावेल-डसेल का. पूर्ण नाव कित्येकदा शास्त्रालाच माहीत नसतं.

हे जीव येतात कुठून, हे कळलं की ओळख अर्धी होते. रीफ टँकमधला दगड म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा, कॅल्शियम कार्बोनेटचा, आतून बाहेरून सच्छिद्र. त्याच्या पृष्ठभागावर अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात आणि आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, नायट्रेट फोडणारे. म्हणजे फिल्टरचं काम दगडच करतो. ही कल्पना जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये एका अमेरिकी मासिकात मांडली: जिवंत दगड, हवेचे बुडबुडे, बाकी यंत्र फारसं नाही. पुढे बर्लिनच्या हौशी लोकांनी ती पद्धत पक्की केली आणि जगभर ‘लाइव्ह रॉक’ हा शब्द रूढ झाला. जिवाणूंना जागा देणारी तीच भोकं इतरांनाही जागा देतात. हौशी मंडळी अशा फुकट्या प्रवाशांना हिचहायकर म्हणतात.

भारतात मात्र समुद्रातून असा दगड काढून आणणं हा गुन्हा ठरू शकतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खालचा. 2001 च्या अधिसूचनेने प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना पहिल्या अनुसूचीत घातलं, म्हणजे प्रवाळाला वाघाच्या पंगतीत बसवलं. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत वरळी आणि हाजी अलीजवळ प्रवाळांच्या मोजक्या वसाहती आल्या, तेव्हा 2020 मध्ये रीतसर परवानगी काढून त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या. मालवणचं सागरी अभयारण्य तर 1987 पासूनचं. त्यामुळे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास सापडलेला ‘भोकाभोकांचा छान दगड’ पिशवीत घालून आणू नये, तो मेलेला दिसत असला तरी. परदेशी कठीण प्रवाळही सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्यालाही कागद लागतो. म्हणून शहाणा माणूस कोरडा किंवा कारखान्यात घडवलेला दगड घेतो. तरीही पाहुणे येतातच: प्रवाळाच्या फ्रॅगखालच्या, म्हणजे विक्रीसाठी तोडलेल्या तुकड्याखालच्या, चकतीला चिकटून, शंखाच्या पाठीवरून, शेवाळाच्या जुडीतून. दुकानातून काय आणलं आणि केव्हा आणलं याची वही ठेवली तर निम्मी ओळख तिच्यातच सापडते.

आता त्या केसाळ किड्याकडे वळू, कारण सर्वांत जास्त फोटो त्याचेच असतात. अंगभर वळकट्या, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके, रंग विटकरी किंवा करडा-गुलाबी: हा पॉलिकीट, गांडुळाचा समुद्री चुलता. यातले अ‍ॅम्फिनोमिड कुळातले किडे म्हणजे फायरवर्म. त्यांचे केस पोकळ, चुन्याचे आणि ठिसूळ असतात. उघड्या हाताने उचलले तर कातडीत मोडून बसतात आणि दिवसभर आग आग होते. एवढ्यावरून हौशी मंडळींनी या सगळ्या जमातीला खलनायक ठरवलं. खरं म्हणजे टाकीत सापडणारे यातले बहुसंख्य किडे मेलेलं, सडलेलं खातात. मासा मेला की सकाळी त्याच्याभोवती यांचा घोळका दिसतो आणि मालक म्हणतो, यांनीच मारला. पोस्टमार्टेम करणाऱ्यालाच खुनी ठरवण्याचा हा प्रकार. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉन शिमेक यांनी हौशी वाचकांसाठी वर्षानुवर्षं लिहून या किड्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे लोक थोडे सावरले. किडे फार वाढले असतील तर त्याचा अर्थ टाकीत अन्न फार पडतंय. चिमटा हातात घेण्याआधी माशांचं खाणं निम्मं करून बघावं.

अपवाद आहेत आणि ते ओळखता यायला हवेत. अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला हर्मोडाइस कॅरुन्क्युलाटा हा फायरवर्म जिवंत प्रवाळ खातो. त्याच्या डोक्यावर कल्ल्यासारखी, वळ्यावळ्यांची, मांसल पट्टी ठळक दिसते. दुसरा अपवाद युनिसिड कुळाचा. त्याला केसांचे झुपके फारसे दिसत नाहीत, अंगावर इंद्रधनुषी झाक असते आणि डोक्यावर पाच स्पर्शिका. पाच मोजता आल्या तर सावध व्हावं. या कुळातला मोठा भाऊ, हौशी लोकांचा ‘बॉबिट’, म्हणजे युनिस अ‍ॅफ्रोडिटॉइस. जपानात 2009 मध्ये एका बंदरातल्या जुन्या तराफ्याच्या तरंगत्या ठोकळ्यात राहून वाढलेला असा एक किडा निघाला: लांबी 299 सेंटिमीटर, वजन 433 ग्रॅम, वळ्या 673. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या न्यूकी इथल्या ब्लू रीफ मत्स्यालयात रोज सकाळी प्रवाळ कुरतडलेलं सापडू लागलं. गळ लावले, तर आमिष गळासकट गायब. शेवटी टाकीतला दगड एकेक करून बाहेर काढला, तेव्हा चार फुटांचा किडा निघाला. कर्मचाऱ्यांनी त्याचं नाव बॅरी ठेवलं. तो आला असावा लहान असताना, दगडातून.

उरलेल्या किड्यांवर वेळ घालवू नये. भोकातून बाहेर पसरणारे लांब, पांढरे, शेवयांसारखे धागे टेरेबेलिडचे, तो कचरा वेचतो. पिसांचा झुबका चटकन आत ओढून घेणारा फेदरडस्टर. काचेवरच्या मोहरीएवढ्या पांढऱ्या चकल्या, ज्यांना नवखे लोक गोगलगाईची अंडी समजतात, ती स्पायरॉर्बिड किड्याची घरं. तिन्ही निरुपद्रवी.

उपद्रवाच्या बाबतीत खरा मान एका समुद्रफुलाचा आहे. एप्टेशिया. दिसायला देखणं: पारदर्शक तपकिरी देठ, वर लांब टोकदार स्पर्शिकांचा झुबका, बोट जवळ नेताच क्षणात आत. नवा मालक ‘फुकटात फूल मिळालं’ म्हणून हरखतो. एप्टेशियाला ब्लेडने कापलं, खरवडलं, चिरडलं की तळाच्या प्रत्येक तुकड्यातून नवं फूल उगवतं. डंख इतका तिखट की शेजारचं प्रवाळ मागे सरतं. या चिवटपणामुळेच प्रयोगशाळांनी एप्टेशियाला डोक्यावर घेतलं. प्रवाळ आणि त्याच्या पेशीत राहणारं शैवाल यांचं नातं अभ्यासायला प्रवाळापेक्षा हे पाळायला सोपं. टाकीवाल्यांचा शाप तो जीवशास्त्रज्ञांचा आवडता नमुना. उपाय करायचा तर मुळासकट: तोंडात चुन्याची दाट पेस्ट सुईने भरणं, पेपरमिंट कोळंबी सोडणं किंवा बर्घिया नावाची सागरी गोगलगाय आणणं. बर्घिया एप्टेशियाशिवाय काही खात नाही, त्यामुळे काम संपलं की उपाशी मरते. स्पर्शिकांची टोकं टोकदार न होता फुगीर बोंडासारखी असतील तर ते मजानो. वागणूक तशीच, वेग थोडा कमी.

दिव्याखाली दगडावर पसरणाऱ्या थरांची ओळख मात्र रायपूरकराने आवर्जून शिकावी, कारण तिचा एक धागा त्याच्या अंगणातल्या फरशीपर्यंत येतो. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी धूळ बसते, बोटाने पुसली जाते, पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जाते. त्या डायटम. दिवसा बुडबुड्यांनी भरलेल्या तपकिरी, शेंबड्या दोऱ्या लोंबतात, रात्री विरतात, सकाळी पुन्हा हजर होतात आणि टाकीतले शंख मरू लागतात, ते डायनोफ्लॅजलेट. तिसरा थर लालसर-जांभळा, ओल्या कातडीसारखा, टोक धरून सोलला तर अख्खा निघतो. त्याला लोक लाल शेवाळ म्हणतात, पण तो शेवाळ नाही. तो सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू.

रायपूरच्या परिसरातला चुनखडीचा दगड, जो सिमेंटच्या भट्टीत जातो आणि घराघरांत फरशी म्हणून बसतो, तो सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी तयार झाला. त्या समुद्रात मासे नव्हते, शंख नव्हते, किडेही नव्हते. होते ते जिवाणूंचे असेच बुळबुळीत थर. गाळ बसायचा, थर त्यावर चढायचा, पुन्हा गाळ, पुन्हा थर. त्यांचे दगड झालेले घुमट म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट. भूशास्त्रज्ञ ज्याला चंडी चुनखडी म्हणतात त्या खडकात ते भरपूर दिसतात. बलौदाबाजार किंवा तिल्द्याच्या वाटेवर दगडाचा ताजा काप दिसला तर त्यातल्या कमानींसारख्या रेघा बघाव्यात. टाकीतला लाल थर ही त्याच घराण्याची हयात शाखा आहे. तो काढू नये असं मी म्हणत नाही. पंपाचा प्रवाह वाढवावा, फॉस्फेट कमी करावं, नळीने ओढून टाकावा. मात्र ‘हे कुठून आलं?’ असा प्रश्न रायपुरात तरी विचारू नये.

छत्तीसगडला समुद्र दुसऱ्यांदाही येऊन गेला आहे. मनेंद्रगडजवळ हसदेव नदीच्या पात्रात सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवांचे जीवाश्म आहेत आणि त्या जागेला राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारकाचा दर्जा आहे. तिथे शिंपले आहेत, ब्रायोझोआ आहेत, क्रिनॉइड आहेत. ब्रायोझोआ, म्हणजे जाळीदार खपलीसारखी वाढणारी वसाहत, आजच्या रीफ टँकच्या दगडाखालीही सापडते आणि लोक तिला बुरशी समजून खरवडतात. खपलीवर भिंगातून सारख्या आकाराच्या बारीक खोल्यांची रांग दिसली तर खरवडू नये. जीवाश्म ओळखणारा हेच करतो. त्याच्याकडे रंग नसतो, हालचाल नसते. उरते ती रचना, आणि तेवढ्यावर तो गटापर्यंत पोचतो.

आवाजावरून ओळखण्याचं प्रकरण स्वतंत्र आहे. रात्री टाकीतून ‘टक्‌’ असा काच तडकल्यासारखा आवाज येतो आणि मालकाची झोप उडते. संशयित दोन. एक मँटिस श्रिंप. त्याच्या सोटा मारणाऱ्या पायाचा वेग सेकंदाला 23 मीटरपर्यंत मोजला गेला आहे. शंख फुटतात, खेकडे फुटतात, क्वचित काचही. दुसरा पिस्तूल कोळंबी, जिचा एक नांगा दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा. तिच्या आवाजाचं कारण 2000 साली उलगडलं. नांगा मिटताना पाण्याची जी चिळकांडी सुटते तिच्यामागे बुडबुडा तयार होतो आणि तो फुटल्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. पिस्तूल कोळंबीचा टाकीला त्रास जवळजवळ नाही. गोबी माशाबरोबर एका बिळात संसार करणाऱ्या तिच्या बहिणींना तर लोक पैसे देऊन आणतात. फरक कसा करायचा? आवाजावर भरवसा ठेवू नये. लाल प्रकाशाच्या टॉर्चने बिळाकडे बघावं, कारण बहुतेक कवचधारी प्राण्यांना लाल रंग फारसा दिसत नाही. देठावरचे दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरत असतील तर मँटिस. सकाळी वाळूवर फुटक्या शंखांचा ढीग असेल तरीही मँटिसच. मग तो दगड उचलून बादलीत घ्यावा आणि बिळात सोडावॉटर सोडावं. राहणारा बाहेर येतो. त्याला मारण्यापेक्षा वेगळ्या छोट्या टाकीत ठेवणारे बरेच आहेत आणि मला त्यांचं कौतुक वाटतं.

खेकड्यांबद्दल थोडक्यात: नांग्यांची टोकं काळी, अंग केसाळ, तर काढावा. प्रवाळाच्या फांद्यांत राहणारा चकचकीत ट्रॅपिझिया मात्र त्या प्रवाळाचा राखणदार असतो, त्याला हात लावू नये. काचेवर धावणारे पांढरे ठिपके कोपेपॉड, ते माशांचं अन्न. दोन्ही बाजूंनी दाबलेला, पाठीला बाक आलेला तो अ‍ॅम्फिपॉड, निरुपद्रवी. वरून दाबलेला, चपटा तो आयसोपॉड, त्यात मात्र दोन तऱ्हा. मोठे डोळे असलेला आणि सुसाट पोहणारा सिरोलॅनिड माशाला चिकटून रक्त पितो. अंगाची गोळी करणारा स्फेरोमॅटिड गरीब.

शंख आणि स्पंजांतही असेच जुळे भेटतात. दगडाला सिमेंट केलेली नळी आणि टोकाला पिसांचा झुबका असेल तर किडा. झुबका नाही, उलट कोळ्याच्या धाग्यांसारखा चिकट शेंबूड पसरलेला दिसतो, तर तो व्हर्मेटिड नावाचा शंख, आणि त्याच्या जाळ्याने शेजारचं प्रवाळ खरंच खुरटतं. अननसाच्या आकाराचा, टोकाला शेंडी असलेला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा पांढरा गोळा म्हणजे सायकॉन स्पंज, राहू द्यावा. लाल खवल्यासारखी दगडाला घट्ट बसलेली टिकली कित्येकदा फोरॅमिनिफेरा निघते, म्हणजे डोळ्यांना दिसणारा एकपेशीय जीव. लहानसा, हात असमान लांबीचे असलेला करडा तारामासा अ‍ॅस्टेरिना या नावाने ओळखला जातो. तो मधोमध फाटून दोन होतो, म्हणून हात असमान. तो झोअँथिड खातो की नाही यावर हौशी लोकांत कायमची भांडणं आहेत. माझ्या मते दोन्ही पक्ष खरे असावेत, कारण ‘अ‍ॅस्टेरिना’ या एका नावाखाली अनेक प्रजाती मोडतात.

झोअँथिडचं नाव निघालं म्हणून थांबून बोलायला हवं, कारण या लेखात जिवाशी खेळ असलेली गोष्ट एवढीच आहे. झोअँथिड म्हणजे चटईसारखे पसरणारे, बटणाच्या आकाराचे, अनेकदा अतिशय रंगीत पॉलिप. मुंबईत हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला त्यांच्या गाद्याच्या गाद्या दिसतात. त्यांच्यातल्या पॅलिथोआ वंशातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, जगातल्या सर्वांत जहाल नैसर्गिक विषांपैकी एक. ते 1971 मध्ये हवाईतल्या एका पॅलिथोआपासून वेगळं करण्यात आलं. घरगुती टाक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या झोअँथिडमध्येही हे विष सापडल्याचं अमेरिकी संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं. कुठल्यात आहे आणि कुठल्यात नाही हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. नको असलेल्या पाहुण्यांना मारायला दगड उकळत्या पाण्यात टाकण्याचा सल्ला आजही कानावर येतो. तो अजिबात ऐकू नये. उकळताना हे विष वाफेच्या तुषारांबरोबर श्वासात जातं आणि अख्खं कुटुंब इस्पितळात गेल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत. ब्रशने कोरडं घासणं, गरम पाण्याची धार मारणं, हेही तसंच. दगड हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. हाताला चिरा असतील तर त्या दिवशी टाकीत हात नको. तोंडात धातूची चव, छातीत आवळणं, स्नायूंत गोळे येणं असं काही झालं तर डॉक्टरला ‘समुद्री टाकी’ आणि ‘पॅलिटॉक्सिन’ हे दोन शब्द सांगावेत. रायपूरच्या डॉक्टरने असा रोगी आधी पाहिलेला असण्याची शक्यता कमी.

आता नावांविषयी. हौशी माणसाचा समज असतो की कुठेतरी एक मोठं पुस्तक आहे आणि त्यात आपल्या किड्याचा फोटो असणारच. पुस्तकं आहेत, चांगलीही आहेत. ज्युलियन स्प्रंग यांचं अपृष्ठवंशीयांवरचं छोटं मार्गदर्शक 2001 चं, शिमेक यांचं 2004 चं. भारतीय शंखांसाठी दीपक आपटे यांचं पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1998 मध्ये काढलं. पॉलिकीट किड्यांसाठी आपल्याकडे अजूनही पिएर फोव्हेल यांचा ‘फॉना ऑफ इंडिया’ मालिकेतला खंड उघडतात. तो 1953 मध्ये छापला गेला अलाहाबादला, तेही समुद्रापासून चांगलं लांब. पण फोव्हेल यांच्या काळात एक सोय होती: दूरदूरच्या समुद्रांतले सारखे दिसणारे किडे एकाच नावाखाली घालता येत. युरिथो कॉम्प्लॅनाटा हा आपल्या किनाऱ्यावरही नोंदलेला फायरवर्म असाच ‘सर्व जगभर आढळणारा’ समजला जाई. 2010 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी त्याची जनुकं तपासली, तेव्हा त्या नावाखाली निदान तीन प्रजाती निघाल्या. म्हणजे टाकीतल्या किड्याला फोटोवरून कुणी ठामपणे ‘युरिथो कॉम्प्लॅनाटा’ म्हटलं, तर त्याला फक्त गट कळला आहे, नाव नाही. गट कळला हे पुरेसं आहेच. ठामपणा मात्र उसना.

या प्रश्नाचा आवाका एका अभ्यासाने नीट दाखवला. लेटिशिया प्लेझन्स, नॅन्सी नोल्टन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये वेगवेगळ्या समुद्रांतल्या मेलेल्या प्रवाळांचे गड्डे आणि तसेच कृत्रिम सापळे तपासले. सगळं मिळून क्षेत्रफळ भरलं 6.3 चौरस मीटर, म्हणजे एका लहान खोलीची जमीन. त्यात डीएनएच्या आधारे फक्त कवचधारी, म्हणजे खेकडे-कोळंबी यांच्याच 525 प्रजाती मोजल्या गेल्या. किडे, स्पंज, शंख यात धरलेलेच नाहीत.

कधीकधी तर हौशी लोक शास्त्राच्या पुढे असतात. अ‍ॅक्रोपोरा प्रवाळावर गोल गोल चाव्यांचे डाग पाडणारा, प्रवाळाच्याच रंगाचा, जवळपास न दिसणारा चपटा कृमी टाकीवाल्यांना कितीतरी वर्षं माहीत होता. त्याच्या अंड्यांचे तपकिरी पुंजके कुठे शोधायचे, कशात बुडवलं की तो गळून पडतो, सगळं त्यांनी बसवलं होतं. त्याचं शास्त्रीय वर्णन झालं 2011 मध्ये, तेही टाकीतल्याच नमुन्यांवरून. रानटी अवस्थेत तो सापडला त्यानंतर, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये लिझर्ड बेटाजवळ. पुढे त्याचा वंशही बदलला. आज तो प्रोस्थिओस्टोमम अ‍ॅक्रोपोरी. माँटिपोरा प्रवाळ खाणाऱ्या पांढऱ्या सागरी गोगलगाईचंही तेच. हाँगकाँगच्या संशोधकांनी 2020 मध्ये तिला फेस्टिला वंशात घातलं, तोवर हौशी लोकांनी तिच्यापायी टाक्याच्या टाक्या रिकाम्या केल्या होत्या.

अशा वेळी भारतातल्या माणसाने कुणाला विचारावं? अनोळखी फोटोवर दहा अनोळखी लोकांनी दिलेली दहा उत्तरं ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी भरवशाची वाट. लोक आपल्याला माहीत असलेलंच नाव सांगतात आणि सर्वांना माहीत असतं ते भीतीदायक नाव. म्हणून प्रत्येक केसाळ किडा ‘बॉबिट’ होतो. याहून बरी वाट मुंबईने दाखवली. प्रदीप पाताडे आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये सुरू केलेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमात लोक ओहोटीला गिरगाव, हाजी अली, जुहूच्या खडकांवर फिरतात, जे दिसेल त्याचे फोटो जागेसकट आणि तारखेसकट आयनॅचरलिस्टवर टाकतात आणि त्या त्या गटाचे जाणकार ते तपासतात. कार्टर रोडच्या घाण वाटणाऱ्या पाण्याशेजारी सागरी गोगलगाई, समुद्रफुलं, ब्रिटल स्टार राहतात हे मुंबईकरांना असं कळलं. रायपूरच्या हौशी माणसाने मुंबईला गेल्यावर जुहूला भेळ खाण्याआधी अशी एक फेरी करावी. आपल्या टाकीतल्या निम्म्या पाहुण्यांचे नातेवाईक तिथे मोकळ्यावर दिसतात, आणि एकदा जिवंत, आपल्या जागी पाहिलेला जीव फोटोत चुकत नाही.

फोटो काढायचाच तर नीट काढावा. शेजारी पट्टी किंवा निदान एखादं नाणं, टाकीचा निळा दिवा बंद करून पांढऱ्या प्रकाशात, आणि स्थिर फोटोपेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ बरा, कारण किडा कसा सरकतो, खेकडा काय तोंडात घालतो हे ओळखीला रंगापेक्षा जास्त उपयोगी. रंग टाकीच्या दिव्याखाली फसवतो. थर आणि ठिपक्यांसाठी सूक्ष्मदर्शक लागतो, पण महागडा नव्हे. मनु प्रकाश यांच्या गटाने स्टॅनफर्डमध्ये बनवलेला कागदी फोल्डस्कोप पुरतो: डायटमची काचेची पेटी, सायनोबॅक्टेरियाचे दोरे आणि थेंबाच्या आकाराचा, एका टोकावर गरगरणारा ऑस्ट्रिऑप्सिस डायनोफ्लॅजलेट त्यात वेगवेगळे दिसतात. हा शेवटचा दिसला तर पुन्हा हातमोजे घालावेत. त्याच्यातही पॅलिटॉक्सिनच्या जातीची विषं असतात.

जीव काढून टाकायचा ठरवला तर तो गटारात सोडू नये. रायपुरात खारूनच्या गोड्या पाण्यात समुद्री जीव जगणार नाही, त्यामुळे धोका कमी. पण हीच सवय घेऊन कुणी गोव्यात किंवा मालवणात राहायला गेलं तर गोष्ट वेगळी. भूमध्य समुद्रात पसरलेल्या कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा पहिला तुकडा 1984 मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयाखालीच दिसला होता.

आणि खरोखरच कशाशी जुळत नाही असं काही सापडलं, तर ते जपून ठेवावं. फॉर्मेलिनमध्ये नको, त्याने डीएनए खराब होतो. पंचाण्णव टक्के इथेनॉलमध्ये, छोट्या बाटलीत, आधी जिवंतपणी व्हिडिओ काढून. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिमेचं केंद्र पुण्याला आकुर्डीत आहे, समुद्रविज्ञान संस्था गोव्याला दोना पावलला. मात्र तिथला जाणकार पहिला प्रश्न विचारेल तो नमुना कुठल्या समुद्रातला हा, आणि टाकीवाल्याची इथे पंचाईत होते. दगड इंडोनेशियाचा, फ्रॅग एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला, शंख कुठला कुणालाच माहीत नाही. म्हणूनच त्या चपट्या कृमीला स्वतःचा समुद्र मिळायला लिझर्ड बेटापर्यंत वाट पाहावी लागली. खरेदीची वही ठेवली असेल तर तिच्यातला तो दिवस बाटलीवरच्या चिठ्ठीत पेन्सिलने लिहावा. शाई इथेनॉलमध्ये विरघळते.